मावशींचा सुजलेला हात आणि लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: एक पूर्ण केस

लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज या एका नावाखाली आजकाल दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक पार्लर, स्पा आणि रील्समधली, चेहरा बारीक करणारी, पोट कमी करणारी, शरीरातली घाण बाहेर काढणारी वगैरे. दुसरी म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला किंवा पायाला जी चिवट सूज येते, लिम्फेडिमा, तिच्या उपचारातला एक भाग. ही केस दोन्हीतून गेलेल्या बाईंची आहे म्हणून सविस्तर लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लिम्फेडिमाचे पेशंट बघते. मावशींना विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

आधी काय काय झालं होतं

मावशी सातारा जिल्ह्यातल्या, वाईच्या बाजूच्या. वय चौपन्न, घरची शेती, हळद आणि थोडी भाजी. डाव्या स्तनाचा कॅन्सर, स्तन काढला आणि काखेतल्या लिम्फच्या गाठीही (प्रत्येकाच्या शरीरात असतात त्या, लिम्फ नोड्स) काढल्या. रिपोर्टमध्ये सोळा गाठी काढल्याचं लिहिलेलं, त्यातल्या तीनमध्ये आजार पोचलेला. मग किमो, मग छातीला आणि कॉलरबोनच्या वर रेडिएशनचे शेक, आता रोजची गोळी चालू. डायबिटीस आधीपासून, आणि ट्रीटमेंटच्या काळात वजन बरंच वाढलेलं.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं की हाताला सूज येण्याचा धोका कोणाला जास्त, हे यातूनच कळतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एका बाईला पुढे हाताला सूज येते, आणि फक्त सेंटिनल गाठ, म्हणजे स्तनातून येणारं लिम्फ सगळ्यात आधी जिथे पोचतं ती गाठ, तपासून थांबलं तर हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास येतं. २०१३ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात हेच आकडे आले, १९.९ आणि ५.६ टक्के. वर रेडिएशन आणि जास्तीचं वजन असेल तर धोका अजून वाढतो. म्हणजे मावशींच्या बाबतीत जवळजवळ सगळंच जुळून आलेलं होतं, पण ऑपरेशननंतर असं काही होऊ शकतं हे त्यांच्या लक्षात राहिलेलंच नव्हतं. कॅन्सरच्या धक्क्यात बाई काय काय लक्षात ठेवणार, त्यामुळे ही गोष्ट पेशंटला कागदावर लिहून द्यायला हवी आणि घरातल्या एकाला तरी समजावून सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे.

ऑपरेशनला दीडएक वर्ष झाल्यावर संध्याकाळी डावा हात जड वाटायला लागला. मग बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, ब्लाऊजची डावी बाही दंडात रुतायची. सकाळी उठल्यावर बरं असायचं म्हणून दुर्लक्ष झालं. हा टप्पा खरं तर सोन्यासारखा असतो, कारण सूज रात्रीतून उतरतेय म्हणजे अजून पाणीच साठतंय, आतला भाग कडक झालेला नाही. या वेळी नीट मापाची स्लीव्ह (हातावर सारखा दाब ठेवणारी घट्ट बाही) आणि व्यायाम सुरू झाला तर पुढचं खूप काही टळू शकतं. मावशींना वाटलं शुगरमुळे असेल नाहीतर कामाने असेल.

नणंदेच्या मुलीने मोबाईलवर लिम्फॅटिक ड्रेनेजचे व्हिडिओ बघितले होते आणि हे अगदी यासाठीच असतं असं तिला वाटलं, ते पूर्ण चुकीचं पण नव्हतं. गावापासून जवळच्या शहरात एका वेलनेस सेंटरमध्ये पॅकेज घेतलं. तिथे गरम तेल लावून दाबून मालिश, मग वाफ. कॅन्सरचं ऑपरेशन झालंय का, गाठी काढल्यात का, ताप आहे का, शुगर आहे का, हे कोणी विचारलं नाही. मावशी सांगतात की मालिश झाल्यावर दोनतीन तास हात हलका वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच, उलट बोटंही सुजायला लागली.

मग एका रात्री थंडी वाजून ताप आला, सकाळपर्यंत हात कोपरापासून खाली लालभडक, गरम, हात लावू देईनात. त्वचेखालचं इन्फेक्शन म्हणजे सेल्युलायटिस. ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. हे मालिशमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण भाजी तोडताना नखाजवळ चीर गेलेली होती आणि जंतू आत शिरायला तेवढं पुरतं. सुजलेल्या हातात लिम्फचा, म्हणजे पेशींभोवतालचं जास्तीचं पाणी उचलून नेणाऱ्या द्रवाचा, प्रवाह मंद असतो, तिथे शरीराची पहारा ठेवायची ताकद कमी पडते, म्हणून छोट्या चिरेतून मोठं इन्फेक्शन होतं, आणि प्रत्येक इन्फेक्शन लिम्फच्या उरलेल्या नळ्यांचं अजून थोडं नुकसान करून जातं. पण चीर असलेल्या, सुजलेल्या हातावर जोरात रगडणं आणि वर वाफ देणं यात काही शहाणपण नव्हतं, आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे खरा उपचार सुरू व्हायला काही महिने उशीर झाला. नुसत्या मसाजवर विसंबून राहण्यातला मुख्य धोका मला हाच वाटतो.

मसाज नेमका करतो काय

इथे थोडं शरीराबद्दल बोलायला हवं. रक्तवाहिन्यांतून रोज काही लिटर पाणी पेशींच्या भोवती पाझरत असतं. तिथलं जास्तीचं पाणी आणि त्याबरोबरची प्रोटीन्स लिम्फच्या बारीक नळ्या उचलतात, वाटेतल्या गाठींमधून गाळून नेतात आणि कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत परत रक्तात सोडतात. या नळ्यांसाठी वेगळं हृदय नाही, त्यांच्या भिंती स्वतःच आकुंचन पावतात आणि स्नायूंची हालचाल आणि श्वास त्यांना मदत करतात. काखेतल्या गाठी काढल्या आणि उरलेल्या भागावर रेडिएशन बसलं की हाताचं मुख्य दार बंद होतं. पाणी आणि प्रोटीन साठत जातं, आणि असंच राहू दिलं तर तिथे चरबी आणि तंतू तयार होऊन हात कडक होतो.

मसाजची कल्पना अशी की बंद दाराकडे न जाता शेजारच्या चालू भागांकडे पाणी वळवायचं. या पद्धतीचं श्रेय डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड वोडर या नवराबायकोला जातं, त्यांनी फ्रान्समध्ये काम करताना ती बसवली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल आणि एटेल्का फोल्डी या डॉक्टर जोडप्याने त्यात बँडेज, व्यायाम आणि त्वचेची काळजी जोडून एक पूर्ण उपचार उभा केला. आज लिम्फेडिमासाठी जगभर जो चार भागांचा उपचार चालतो तो हाच, आणि त्यातला मसाज हा चारातला एक भाग आहे ही गोष्ट जाहिरातींमधून गायब झालेली असते.

आणि हा मसाज मालिशसारखा अजिबात नसतो. तेल नाही, कारण तेलावरून हात घसरतो आणि आपल्याला त्वचा हलकेच ताणून सोडायची असते. ताक घुसळल्यावर वर आलेलं लोणी आपण ज्या हलक्या हाताने गोळा करतो तेवढाच जोर. लिम्फच्या सुरुवातीच्या नळ्या त्वचेच्या अगदी लगेच खाली असतात, त्यामुळे खोल दाबायचं काहीच कारण नाही. मावशींना पहिल्या दिवशी वाटलं की मॅडम नुसत्या हात फिरवतायत, काही करत नाहीत, आणि त्यांनी तसं मुलाला बोलूनही दाखवलं.

हात लावण्याआधी

माझ्याकडे त्या आल्या ते इन्फेक्शन उतरल्यावर, त्यांच्या सर्जननी पाठवलं म्हणून. लगेच मसाज सुरू केला नाही. एका हाताची सूज आहे म्हणजे लिम्फेडिमाच, असं धरून चालत नाही. शिरेत गुठळी असू शकते, काखेत आजार परत आलेला असू शकतो. कॅन्सर झालेल्या बाईच्या हाताला अचानक, भराभर वाढणारी सूज आली, सोबत दुखायला लागलं, बोटांना मुंग्या यायला लागल्या किंवा हातातली ताकद कमी झाली तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. म्हणून सर्जननी परत तपासलं, हाताच्या शिरांचा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी) झाला, काखेची सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती, आजारही परत आलेला नव्हता. शुगर मात्र वाढलेली होती, ती फिजिशियनकडून मार्गी लावून घेतली.

मग मापं. मनगटापासून काखेपर्यंत दर चार सेंटिमीटरला टेपने घेर घ्यायचा, दोन्ही हातांचा, आणि त्यावरून हाताचं आकारमान काढायचं. उजवा हात २०५० मिलिलिटर, डावा २५००, म्हणजे ४५० मिलिलिटर जास्त, साधारण २२ टक्के. बोटाने दाबलं की खड्डा पडत होता, पण दंडाच्या आतल्या बाजूला थोडा कडकपणा आलेला. बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरता येत नव्हती, ही लिम्फेडिमाची जुनी आणि बऱ्यापैकी विश्वासाची खूण. म्हणजे दुसरी स्टेज. खांदा पण आखडलेला, हात डोक्यावर पूर्ण जात नव्हता, कारण कुणीतरी सांगितलेलं की तो हात वापरायचाच नाही.

पहिले तीन आठवडे

प्लॅन असा की तीन आठवडे, आठवड्याला पाच दिवस, आधी मसाज मग बँडेज, बँडेजवरच व्यायाम, आणि बँडेज दुसऱ्या दिवशी येईपर्यंत अंगावर.

मसाजची सुरुवात हातापासून होत नाही. आधी मान, मग पोटातून खोल श्वास, मग चांगल्या बाजूची म्हणजे उजवी काख, डावी जांघ, मग छाती आणि पाठीवरून त्या दिशांना वाट करून द्यायची, आणि शेवटी हात, तो पण आधी दंड, मग कोपर, मग पंजा. पुढची जागा मोकळी न करता मागचं पाणी ढकलण्यात अर्थ नाही. वेलनेस सेंटरमध्ये बोटांपासून काखेकडे जोरात ओढत होते, म्हणजे ज्या काखेतून वाट बंद झालीय तिथेच सगळं नेत होते.

पण खरं काम बँडेजचं. आधी सुती जाळीची बाही, मग प्रत्येक बोटाला बारीक बँडेज, मग कापसाचं पॅडिंग, कडक जागी फोमचा तुकडा, आणि वर शॉर्ट स्ट्रेच बँडेजचे थर, मनगटाकडे जास्त आणि वर कमी. हे बँडेज फारसं ताणलं जात नाही. त्यामुळे हात स्थिर असताना ते आवळत नाही, पण स्नायू फुगला की त्याला आतून भिंत मिळते आणि पाणी वर ढकललं जातं. म्हणूनच बँडेज बांधून हात गळ्यात अडकवून बसायचं नाही, हात चालू ठेवायचा. मेडिकलमध्ये मिळणारं साधं क्रेप बँडेज याच्या जागी चालत नाही, ते रबरासारखं ताणतं, झोपेत आवळतं आणि काम करताना ढिलं पडतं. लोक पैसे वाचवायला क्रेप गुंडाळतात, वर एकाच जागी घट्ट, आणि मग पंजा टम्म फुगतो.

मावशींना बँडेज नकोसं झालेलं हे मी मान्य करते, अवघड आहे ते. पाण्यात हात घालता येत नाही, धुणं-भांडी नाही, भाकरी थापता येत नाही. त्यांच्या घरी भाकऱ्या मावशीच करायच्या आणि सुनेला त्यांच्यासारख्या जमत नाहीत हा विषय पहिल्या आठवड्यात सूजेपेक्षा मोठा होता. मी सुनेला सोबत बोलावलं, हात का कोरडा आणि बांधलेला ठेवायचा ते दाखवलं, आणि त्या पोरीने भाकरीचं काम अंगावर घेतलं. इतक्या साध्या गोष्टींवर हा उपचार टिकतो किंवा बारगळतो, पेपरांमध्ये हे येत नाही.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी जास्तीचं आकारमान ४५० वरून ३४० वर आलं. सगळे खूश.

दुसऱ्या आठवड्यात हळद काढायला आली. मजूर ठरलेले, हळद शिजवायची कढई एका दिवसासाठी मिळालेली, रोज यायला जमणार नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. इथे मी त्यांच्या मालकांना बँडेज बांधायला शिकवलं. काका शेतकरी माणूस, आयुष्यभर पेंढ्या बांधलेल्या, त्यामुळे सुरुवातीला दोर ओढावा तसं बँडेज ओढायचे. बोटांची टोकं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर ताबडतोब सोडायचं, हे तीनदा म्हणवून घेतलं. पण एकदा हाताचा अंदाज आल्यावर त्यांच्याइतकं एकसारखं बँडेज मी फार कमी नातेवाइकांकडून बघितलंय. त्या आठवड्यात मसाज झाला नाही, फक्त काकांचं बँडेज आणि मी दिलेले व्यायाम. कढईपासून आणि हळदीच्या धुरळ्यापासून लांब राहायचं एवढं मावशींनी पाळलं.

आठवड्याने मापं घेतली तर ३४० वरून २९०. म्हणजे मसाज बंद असूनही सूज उतरतच राहिली. तिसऱ्या आठवड्यात परत मसाज आणि बँडेज दोन्ही, आणि शेवटी २५०. सुरुवातीच्या ४५० मधलं २०० मिलिलिटर गेलं, म्हणजे जास्तीच्या सुजेतला ४४ टक्के भाग.

श्रेय कोणाचं

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पहिल्या आठवड्यात सूज नेहमीच जास्त उतरते कारण सैल पाणी आधी जातं, त्यामुळे पहिला आणि दुसरा आठवडा समोरासमोर ठेवून मसाजचा हिशोब काढता येत नाही. पण मावशींच्या मधल्या आठवड्यात जे दिसलं ते मोठ्या अभ्यासांशी जुळतं, म्हणून ते अभ्यास इथे सांगते.

२०१५ चा कोक्रेन आढावा (कोक्रेन ही अनेक ट्रायल्स एकत्र तपासून निष्कर्ष काढणारी संस्था), सहा ट्रायल्स आणि २०८ बायका. नुसत्या बँडेजने सूज ३० ते ३९ टक्के उतरली, आणि बँडेजला मसाज जोडल्यावर आणखी साधारण ७ टक्क्यांची भर पडली. सूज सौम्य ते मध्यम असेल त्यांना हा जास्तीचा फायदा होण्याची शक्यता अधिक, आणि मसाज सुरक्षित वाटला. झोप, दुखणं, जगण्याची एकूण गुणवत्ता यावर निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. ७ टक्के म्हणजे काहीच नाही असं नाही, पण मुख्य काम कोण करतंय ते स्पष्ट आहे.

मग बेल्जियमची ट्रायल, २०२२ मध्ये आलेली, १९४ जण. एका गटाला नेहमीचा मसाज, दुसऱ्याला डाय टाकून लिम्फच्या वाटा प्रत्यक्ष कॅमेऱ्यात बघून त्यानुसार मसाज, तिसऱ्याला दिसायला मसाजच पण लिम्फ हलवण्याचा नाही. बाकीचा उपचार, बँडेज, व्यायाम, त्वचेची काळजी, सगळ्यांना सारखी. तिन्ही गटांची सूज उतरली आणि तिघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मसाज शिकायला आणि करायला ज्यांनी वर्षं घातलीत त्यांना हे वाचायला जड जातं, पण वाचायला हवंच.

सूज येऊच नये म्हणून आधीपासून मसाज केला तर? हे पण बेल्जियममध्येच, ल्यूव्हेनला तपासून झालंय, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. काखेतल्या गाठी काढलेले १६० पेशंट, सगळ्यांना व्यायाम आणि काळजीच्या सूचना, आणि अर्ध्यांना वर मसाज. वर्षभराने मसाजच्या गटात २४ टक्के जणांना सूज आली, दुसऱ्या गटात १९ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण मसाजने सूज टळते असं काही यातून दिसत नाही. तेव्हा ऑपरेशन झाल्या झाल्या, सूज नसताना, महागडी मसाजची पॅकेजेस घ्यायची गरज नाही. ते पैसे चांगल्या स्लीव्हसाठी ठेवा.

तरीही मी मसाज सोडलेला नाही. छातीची भिंत, काखेच्या मागचा भाग, स्तन, इथे बँडेज नीट बसत नाही, तिथे मसाजचा उपयोग मला दिसतो. कडक झालेला भाग बँडेजच्या आधी थोडा मऊ होतो. आणि ऑपरेशननंतर त्या बाजूला हात लावायलाही बायका घाबरतात, आरशात बघत नाहीत, त्यांना त्या हलक्या स्पर्शाने धीर येतो. मावशी चौथ्या-पाचव्या दिवशी मसाज चालू असताना झोपून गेल्या, कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती म्हणाल्या. या गोष्टीला किंमत आहे, फक्त तिला सूज उतरवण्याचा पुरावा म्हणून विकू नये. वेळ आणि पैसे थोडेच असतील आणि पेशंट लांबून येत असेल तर मी आधी घरच्यांना बँडेज शिकवीन, मसाज त्यानंतर.

व्यायाम आणि वजन उचलण्याची भीती

तो हात वापरायचा नाही, पिशवी उचलायची नाही, हा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १४१ बायकांवर, ज्यांना आधीच हाताला सूज होती, वजन उचलण्याच्या व्यायामाची ट्रायल केली आणि ती २००९ मध्ये आली. हळूहळू, देखरेखीखाली वजन वाढवत नेलं तर सूज वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. मावशींना अर्ध्या किलोपासून सुरू केलं, स्लीव्ह घालून. शेतातल्या बाईला हात वापरू नको सांगणं म्हणजे तिला घरात बसवणं, आणि बसल्याने वजन वाढतं आणि वजनाने सूज वाढते.

त्या हातावर बीपी आणि सुई याचीही मावशींना इतकी धास्ती होती की एकदा दवाखान्यात बीपी घेतलं म्हणून रात्रभर झोपल्या नव्हत्या. बोस्टनमधल्या २०१६ च्या अभ्यासात, ६३२ जणी, रक्त काढणं, इंजेक्शन, बीपी आणि विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो जास्त वजनाशी, काखेतल्या गाठी पूर्ण काढण्याशी आणि सेल्युलायटिसशी. अर्थात सूज आलेल्या हाताला शक्यतो सुई टोचू नये आणि दुसरा हात मोकळा आहे तर तो वापरावा असंच मी सांगते, पण चुकून झालं तर घाबरून जायचं कारण नाही. नखाजवळची चीर बीपीच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याची आहे.

कोणी मसाज करून घेऊ नये

ताप आहे, हात किंवा पाय लाल-गरम झालाय, तर अजिबात नाही, आधी अँटिबायोटिक. शिरेत गुठळी आहे किंवा शंका आहे, पोटरी एकाच पायाची अचानक सुजली आणि दुखतेय, तर मसाज जीवावर बेतू शकतो, कारण गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. हार्ट फेल्युअर आटोक्यात नाही, चालताना दम लागतो, रात्री आडवं झोपता येत नाही, अशा माणसाच्या पायातलं पाणी वर ढकललं तर हृदयावर अजून ताण येतो. किडनीचा गंभीर आजार असेल तेव्हाही आधी डॉक्टरला विचारायचं. कॅन्सरचा उपचार चालू असेल किंवा आजार परत आलेला असेल तर ऑन्कॉलॉजिस्टच्या परवानगीशिवाय नाही. मसाजने कॅन्सर पसरतो असा पुरावा मिळालेला नाही, मावशींच्या जावेने ही भीती त्यांच्या मनात घातली होती आणि ती काढायला वेळ गेला, पण तरी काय चाललंय हे उपचार करणाऱ्या डॉक्टरला माहीत असलंच पाहिजे.

दोन्ही पाय सुजणाऱ्या कितीतरी लोकांना लिम्फेडिमा नसतोच, हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड, बीपीच्या काही गोळ्या, यातलं काहीतरी असतं. त्यांनी मसाजचं पॅकेज घेणं म्हणजे आजार लपवणं. आणि पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या पट्ट्यात पायाच्या सुजेमागे हत्तीरोग असू शकतो. डासातून येणाऱ्या जंतांमुळे लिम्फच्या नळ्या खराब होतात, त्याची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तिथेही रोज साबणाने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, पाय उंच ठेवणं आणि हालचाल हेच पुढचे हल्ले थांबवतं.

राहिला डिटॉक्स. शरीरातली टाकाऊ द्रव्यं काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, मसाजने ती घामातून किंवा लघवीतून धुऊन निघत नाहीत. चरबीही कमी होत नाही. चेहऱ्यावरची सकाळची सूज काही तासांसाठी उतरते हे खरं, निरोगी माणसाने हलक्या हाताने करून घेतला, बरं वाटलं, तर त्यात वाईट काही नाही. पण त्याच जाहिरातीच्या भरवशावर गाठी काढलेली बाई तिथे जाते तेव्हा प्रकरण गंभीर होतं. निदान मसाज करणाऱ्याने तेवढं विचारावं, ऑपरेशन झालंय का, आणि हो म्हणाली तर परत पाठवावं.

पुढचे सहा महिने

तीन आठवड्यांनंतर हाताची मापं देऊन क्लास दोनची, म्हणजे मध्यम दाबाची, स्लीव्ह आणि पंजासाठी ग्लोव्ह घेतला. नुसती स्लीव्ह घातली असती तर बोटांत पाणी साठलं असतं, त्यांना आधीच बोटांना सूज होती. दिवसभर घालायची, रात्री काढायची, आणि आठवड्यातून दोनतीन रात्री काका बँडेज बांधायचे. मसाज मी त्यांना स्वतःचा स्वतः करायला शिकवला, मान, श्वास, उजवी काख, दहा-पंधरा मिनिटं, अंघोळीच्या आधी.

एप्रिल-मेमध्ये सगळं ढिलं पडलं. घामोळं आलं, स्लीव्ह काढून ठेवायला लागल्या, मापं ३२० पर्यंत गेली. तेव्हा रागावून उपयोग नसतो. सकाळी उन्हाच्या आधीची कामं स्लीव्ह घालून, दुपारी घरात बसल्यावर काढून हात उशीवर ठेवायचा, स्लीव्ह रोज धुवायची म्हणून दुसरी घेतली, असं जमवलं. पावसाळ्यात परत २७० वर आल्या. इन्फेक्शन परत झालेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा हे मोठं. शेतात जाताना रबरी हातमोजे, नखं कापताना कडेची कातडी न ओढणं, चीर पडली की लगेच धुऊन अँटिसेप्टिक, आणि थंडी-ताप आला तर वाट न बघता गोळ्या सुरू करायला डॉक्टरकडे, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. खांदा बराच मोकळा झाला, हात डोक्यावर जातो. वजन चार किलो कमी, शुगर आटोक्यात. लिम्फच्या बारीक नळ्या शिरेला जोडायच्या ऑपरेशनबद्दल मुलाने विचारलं होतं, सर्जनशी बोलणं झालं, सध्या सूज स्थिर आहे म्हणून थांबायचं ठरलं.

सहा महिने होत आले की स्लीव्हचा ताण जातो, दिसायला चांगली असली तरी दाब देत नाही. काकांच्या मते ती अजून वर्षभर जाईल. परवा दोन्ही हातांची मापं घेतली आणि जुनी स्लीव्ह घातल्यावर संध्याकाळी मनगट किती भरतं तेही टेप लावून त्यांनाच मोजायला सांगितलं. त्यांनी स्वतः मोजलं, आकडा बघितला आणि नवीन मागवायला सांगितली. ती येईपर्यंत रोज रात्री बँडेज, आणि पुढची मापं दिवाळीनंतर.